फालेओलो ते पांगो पांगो: दीडशे किलोमीटर, चाळीस मिनिटं आणि आदला दिवस

दोन छोट्या बेटांवरच्या विमानतळांमधलं अंतर किती आणि जायला वेळ किती, हा प्रश्न दिसायला एकदम सरळ आहे. दोन नावं टाकायची, कुठलंही कॅल्क्युलेटर किलोमीटर सांगतं, खाली मिनिटं सांगतं, झालं काम. पण सामोआतलं फालेओलो आणि अमेरिकन सामोआतलं पांगो पांगो ही जोडी घेतली की तोच सरळ प्रश्न असा काही वाकडा होतो की विचारू नका, कारण इथे मंगळवारी सकाळी दहाला निघालेलं विमान सोमवारी सकाळी दहा चाळीसला पोचतं आणि तिकिटावर काहीही चुकीचं छापलेलं नसतं.

म्हणून हे एकच प्रकरण नीट उलगडून बघू.

प्रवासी कल्पनेतला घेऊ. तो राहतो आपियात, म्हणजे सामोआच्या राजधानीत, उपोलू बेटावर. त्याला होनोलुलूला जायचंय आणि त्याने ठरवलंय की आधी शेजारच्या तुतुइला बेटावर, पांगो पांगोला जायचं, तिथून होनोलुलूचं मोठं जेट पकडायचं. हे जेट आठवड्यात मोजक्याच वेळा सुटतं, त्यामुळे चुकलं की पुढचं लगेच मिळेल अशी आशा नाही. आपण धरू की ते सोमवारी रात्री अकराला सुटतंय. प्रवाशाचा प्रश्न एवढाच की आपियातून निघायचं कधी. आता बहुतेक लोक काय करतात, तर अंतर बघतात, दीडशे किलोमीटर, वेळ बघतात, चाळीस मिनिटं, आणि म्हणतात की सोमवारी दुपारचं छोटं विमान घेतो, संध्याकाळी आरामात तिथे, रात्री जेट. कागदावर झकास प्लॅन. प्रत्यक्षात हा माणूस रविवारी दुपारी पांगो पांगोत उतरणार आणि तिथे एक अख्खी रात्र आणि वर पुढचा दिवसभर बसून राहणार.

आणि हा तर बरा प्रकार, कारण लवकर पोचलेल्याचे फक्त हॉटेलचे पैसे जातात.

अंतरापासून सुरुवात करू

फालेओलो विमानतळ साधारण १३.८३ अंश दक्षिण, १७२.०१ अंश पश्चिम इथे आहे, पांगो पांगो १४.३३ दक्षिण, १७०.७१ पश्चिम. अक्षांशातला फरक अर्धा अंश, म्हणजे ५५-५६ किलोमीटर. रेखांशातला फरक १.३० अंश, पण रेखांशाचा अंश विषुववृत्तापासून लांब गेलं की आखडत जातो, १४ अंशावर तो अंदाजे १०८ किलोमीटरचा उरतो, तर ते झाले १४० च्या आसपास. दोन्हींचे वर्ग करून बेरीज, त्याचं वर्गमूळ, उत्तर १५१ किलोमीटर. एवढ्या छोट्या अंतराला पृथ्वी गोल धरा, जरा चपटी धरा नाहीतर सरळ सपाट कागद धरा, फरक एखाद्या किलोमीटरच्या वर जात नाही, त्यामुळे इथे सूत्रावरून वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त एकक बघा. १५१ किलोमीटर म्हणजे ९४ साधे मैल आणि ८१ नॉटिकल मैल, आणि एकाच जोडीसाठी एका ठिकाणी ८१ तर दुसऱ्या ठिकाणी ९४ दिसलं की लोकांना वाटतं यातलं एक खोटं आहे. दोन्ही खरे, वैमानिक नॉटिकल मैलात बोलतात एवढंच.

इथपर्यंत ठीक. पण नकाशा उघडला की एक गंमत दिसते जी त्या १५१ च्या आकड्यात कुठेच नाही. फालेओलो आहे उपोलू बेटाच्या पश्चिम टोकाकडे. आपिया तिथून ३५ एक किलोमीटर पूर्वेला. आणि पांगो पांगो त्याहूनही पूर्वेला, थोडं दक्षिणेकडे. म्हणजे आपला प्रवासी घरून निघतो तो आधी पाऊण तास गाडीने उलट्या दिशेला जातो, पांगो पांगोपासून लांब, आणि मग विमानात बसून परत आपल्याच बेटावरून पूर्वेकडे उडत येतो. उपोलू सुमारे ७५ किलोमीटर लांब आहे, त्यामुळे त्या १५१ पैकी जवळजवळ निम्मं अंतर हे स्वतःचंच बेट ओलांडण्यात जातं, खरा समुद्र लागतो तो त्याच्या पुढे. आपिया शहर ते पांगो पांगो गाव असं सरळ मोजलं तर ते १२५ च्या आसपास भरतं.

याच कारणाने फांगालीई नावाच्या दुसऱ्या धावपट्टीचा विषय निघतो. फांगालीई आपियाच्या अगदी जवळ, पूर्वेच्या बाजूला, आणि तिथून पांगो पांगो साधारण १२४ किलोमीटर. हवेतले २७ किलोमीटर वाचतातच पण रस्त्यावरचा पाऊण तास वाचतो ही खरी कमाई. मग सगळी विमानं तिथूनच का नाही, तर ती पट्टी जेमतेम सातशे मीटरच्या आसपास, भोवती वस्ती आणि मागे डोंगर, मोठ्या विमानांचं तिथे कामच नाही, आणि ती आजवर एकापेक्षा जास्त वेळा बंद पडून परत उघडलेली आहे. जानेवारी १९९७ मध्ये पांगो पांगोहून फांगालीईकडे येणारं ट्विन ऑटर जातीचं एक छोटं विमान खराब हवेमुळे फालेओलोकडे वळलं आणि आपियामागच्या वाएआ डोंगराला धडकलं. म्हणजे २७ किलोमीटर वाचवायचे की नाही हा निर्णय नकाशावर होत नाही, त्या दिवशीचे ढग कुठे बसलेत ते बघून होतो.

बरं, याच्या उलट फालेओलो आणि पांगो पांगो दोन्हीकडच्या धावपट्ट्या सुमारे तीन-तीन किलोमीटर लांब. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्कराने दोन्ही ठिकाणी विमानतळ उभारले, नंतर जेटसाठी ते वाढवले. त्यामुळे छोटे विमानतळ म्हणताना इमारत छोटी, गर्दी कमी, पण पट्टी मोठ्या शहराला शोभेल अशी. त्या लांबलचक पट्टीवर १९ सीटचं ट्विन ऑटर उतरतं तेव्हा चारेकशे मीटरमध्ये त्याचं काम संपतं आणि उरलेला वेळ ते नुसतं टर्मिनलकडे चालत येतं.

आता मिनिटं

बहुतेक कॅल्क्युलेटर काय करतात ते बघा. अंतर घेतात, ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने भागतात, आणि टेकऑफ-लँडिंगचे म्हणून सरसकट ३० मिनिटं जोडतात. १५१ भागिले ८०५, म्हणजे ११ मिनिटं, अधिक ३०, उत्तर ४१ मिनिटं.

आणि प्रत्यक्षात वेळ लागतो तो ४० च्या आसपासच!

उत्तर बरोबर, गणित पूर्ण चूक. या मार्गावर ताशी ८०० ने जाणारं काही उडत नाही. ट्विन ऑटरसारखं विमान ताशी २७० च्या आसपास जातं असं धरा, मग १५१ किलोमीटरला नुसते उडण्याचेच ३३-३४ मिनिटं होतात, आणि वर चढणं, वळणं, पट्टीवरची चाल यांचे पाच-सात मिनिटं. म्हणजे कॅल्क्युलेटरने वेग तिप्पट धरला आणि वरचा वेळ चौपट-पाचपट धरला, दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या. असं नशिबाने जुळलेलं उत्तर मला तरी चुकलेल्या उत्तरापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं, कारण ते जुळतं म्हणून माणूस त्यावर विश्वास ठेवतो आणि मग तेच सूत्र दुसऱ्या जोडीला लावतो. फांगालीईला लावून बघा ना, १२४ ला ते सूत्र ३९ मिनिटं देतं, फक्त दोन मिनिटांचा फरक, आणि खरा फरक हवेतच सहा-सात मिनिटांचा आहे. उलट बाजूने, पाच-दहा किलोमीटरवरच्या दोन बेटांना ते सूत्र लावलं तर ते अर्धा तास सांगणार, जिथे विमान वर चढतं न चढतं तोच उतरायला लागतं.

शिवाय वारा. या भागात वर्षातला बराच काळ आग्नेयेकडून नाहीतर पूर्वेकडून व्यापारी वारे वाहतात, आणि फालेओलोहून पांगो पांगोची दिशा आहे पूर्व-आग्नेय, जवळजवळ १११ अंश. म्हणजे जाताना वारा बरोबर तोंडावर. ताशी ३५ किलोमीटरचा वारा समोरून असेल तर २७० चे उरतात २३५, आणि १५१ किलोमीटरला ३८-३९ मिनिटं लागतात. येताना तोच वारा पाठीशी, ३०५ चा वेग, अर्ध्या तासात परत. त्याच दोन पट्ट्या, तेच विमान, तेवढंच अंतर आणि जायला-यायला नऊ मिनिटांचा फरक. मोठ्या जेटला ३५ चा वारा म्हणजे किरकोळ गोष्ट, पण ताशी २७० वाल्या विमानाचा तो आठवा भाग आहे, आणि विमान जितकं हळू तितका वारा जास्त टोचतो. वेळापत्रकात जाण्याचा आणि येण्याचा वेळ वेगळा दिसला तर छपाईची चूक समजू नका.

वजनाचाही प्रश्न येतो, पण तो मिनिटांपेक्षा जागेचा आहे. छोट्या विमानात माणसासकट वजन करतात, काट्यावर उभं राहावं लागतं, बॅग वेगळी नाही. सामोआ एअर नावाच्या कंपनीने २०१३ मध्ये तर तिकिटच किलोवर लावलं होतं, प्रवासी अधिक सामान जेवढे किलो तेवढे पैसे, आणि त्याची जगभर बातमी झाली. लोक हसले पण छोट्या विमानाचा हिशोब तसाच चालतो, तिथे सीट रिकामी असून उपयोग नाही, वजनात बसायला पाहिजे. आणि इंधन फक्त जाण्यापुरतं घेऊन चालत नाही, पांगो पांगोला हवा बिघडली तर परत उपोलूला येता आलं पाहिजे, ते वजन वेगळं. म्हणून आपल्या होनोलुलूवाल्या प्रवाशाने दोन भरगच्च सुटकेसा आणल्या तर मोठं जेट त्या आनंदाने घेईल पण हे छोटं विमान एखादी मागे ठेवू शकतं, नंतरच्या फेरीने पाठवतो म्हणेल.

दारापासून दारापर्यंत किती ते पण एकदा मोजून टाकू. आपियाहून फालेओलो ४५ मिनिटं. उड्डाण आंतरराष्ट्रीय आहे, दीडशे किलोमीटरचं असलं तरी, म्हणून दोन तास आधी पोचा. विमान ४० मिनिटं. पलीकडे इमिग्रेशन, सामान, धरा ३५ मिनिटं, आणि हे इमिग्रेशन अमेरिकेचं मुख्य भूमीवरचं नाही, अमेरिकन सामोआ स्वतःचं वेगळं चालवतं आणि त्याचे प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, अमेरिकेचा व्हिसा आहे म्हणजे इथे झालंच असं धरून चालू नये. मग विमानतळ आहे तफुनाला, तिथून पांगो पांगो गाव ११ किलोमीटर, २५ मिनिटं. बेरीज २६५ मिनिटं, चार तास पंचवीस मिनिटं. यात उडण्याचा वाटा जेमतेम १५ टक्के. शहर ते शहर १२५ किलोमीटर धरले तर सरासरी वेग ताशी २८ किलोमीटर पडतो. फेरीबोटही आहे दोन बेटांमध्ये, ती रात्रभर घेते, सात-आठ तास. म्हणजे विमान बोटीच्या दुप्पट वेगाने जातं असंही धड म्हणता येत नाही.

आता खरं दुखणं, म्हणजे तारीख

सामोआचं घड्याळ जागतिक वेळेच्या १३ तास पुढे. अमेरिकन सामोआचं ११ तास मागे. फरक बरोबर २४ तास. म्हणजे भिंतीवरची दोन्ही घड्याळं अगदी सारखी चालतात, इथे दहा तर तिथेही दहा, फक्त कॅलेंडरचं पान वेगळं. आणि मला वाटतं घोळ यानेच जास्त होतो, कारण घड्याळ तीन-चार तासांनी वेगळं असतं तर माणूस सावध झाला असता. इथे फोन लावला तर दोन्हीकडे सकाळ, दोन्हीकडे तोच आकडा, सूर्यसुद्धा फक्त पाचेक मिनिटांच्या फरकाने उगवलेला. आणि तोही पांगो पांगोला आधी, कारण ते पूर्वेला आहे. सूर्य आधी उगवतो तिथे तारीख मागची, सूर्य नंतर उगवतो तिथे तारीख पुढची.

हे असं का, तर हे माणसांनी केलेलं आहे. १८९२ मध्ये सामोआचा व्यापार मुख्यतः अमेरिकेशी होता, व्यापाऱ्यांच्या आग्रहाने राजा मालिएतोआ लाउपेपा याने कॅलेंडर अमेरिकेच्या बाजूला नेलं, आणि त्यासाठी ४ जुलै हा दिवस लागोपाठ दोनदा पाळला गेला. पुढे १८९९-१९०० च्या वाटणीत पूर्वेची बेटं अमेरिकेकडे गेली, पश्चिमेची जर्मनीकडे, पहिल्या महायुद्धात ती न्यूझीलंडच्या ताब्यात आली आणि १ जानेवारी १९६२ ला स्वतंत्र झाली. देश दोन झाले पण तारीख एकच राहिली. तब्बल शतकभर. मग व्यापार फिरला, आता तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, आणि तिकडे शनिवार असताना सामोआत शुक्रवारचं ऑफिस, सामोआत रविवारची चर्च चालू असताना सिडनीत सोमवारची कामं सुरू, आठवड्यातले दोन दिवस फुकट. तेव्हाचे पंतप्रधान तुइलाएपा यांच्या सरकारने सरळ कॅलेंडर परत पलीकडे टाकलं. गुरुवार २९ डिसेंबर २०११ संपला आणि शनिवार ३१ डिसेंबर सुरू झाला, शुक्रवार ३० डिसेंबर सामोआत आलाच नाही. अमेरिकन सामोआ मात्र जागचं हललं नाही, त्यांचा सगळा व्यवहार अमेरिकेशी.

(याच सरकारने २००९ मध्ये गाड्याही उजवीकडून डावीकडे आणल्या होत्या, त्यामुळे पांगो पांगोत उतरल्यावर दिवसही उलटा आणि रस्त्याची बाजूही उलटी.)

याचे परिणाम कुठे कुठे गेले बघा, सातवा दिवस, म्हणजे शनिवार, पाळणाऱ्या अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथात प्रश्न उभा राहिला की आता सातवा दिवस कुठला, आणि सामोआतल्या त्यांच्या चर्चने नव्या कॅलेंडरचा रविवार धरला, म्हणजे प्रत्यक्षात जो दिवस आधी शनिवार होता तोच.

आता एक गैरसमज काढून टाकायला हवा. लोक म्हणतात की विमान १८० रेखांश ओलांडतं म्हणून असं होतं. नाही ओलांडत. १७२ पश्चिम आणि १७०.७ पश्चिम, दोन्ही ठिकाणं १८० च्या एकाच बाजूला आहेत. तारीख रेषा, म्हणजे जी ओलांडली की तारीख बदलते ती नकाशावरची रेषा, १८० वर सरळ उभी नाही, देशांच्या मर्जीप्रमाणे वाकलेली आहे आणि ती या दोन बेटांच्या मधून जाते. उलटं उदाहरण हवं असेल तर फिजीत बघा, नांदी विमानतळ १७७.४ पूर्व, तावेउनी बेटावरचं मातेई विमानतळ १७९.९ पश्चिम, इथे १८० खरोखर ओलांडली जाते आणि तारीख मात्र बदलत नाही, कारण अख्खं फिजी एकाच वेळेवर चालतं. तिथे चूक वेगळी होते, कोणी रेखांश सरळ वजा केले तर फरक येतो ३५७ अंश आणि कागदावर विमान पृथ्वीला जवळपास पूर्ण चक्कर मारून येतं, खरा फरक तीन अंशांच्याही आत आणि अंतर तीनशेच्या आसपास किलोमीटर. म्हणजे एका जोडीत अंतराचा सापळा, दुसऱ्या जोडीत दिवसाचा, आणि जो प्रोग्राम रेखांशावरून तारीख ठरवतो तो दोन्हीकडे आपटतो. १७२ भागिले १५ केलं की त्याला सामोआसाठी उणे ११ मिळतं. खरं आहे अधिक १३.

तिकिटाच्या सिस्टीममध्ये पोचण्याच्या वेळेपुढे उणे १ असं छोटं लिहिलेलं येतं. परतीला अधिक १. एवढुसं चिन्ह, पण अख्खं प्रकरण त्यातच आहे.

प्रवासाचा वेळ काढताना साधी वजाबाकी केली, पोचण्याची वेळ वजा निघण्याची, तर सोमवार १०:४० वजा मंगळवार १०:००, उत्तर उणे २३ तास २० मिनिटं. मग प्रोग्राम लिहिणारा म्हणतो उणे आलं तर २४ मिळवा, आणि ४० मिनिटं येतात, खूश. पण हे जुळतं कारण आज फरक नेमका २४ आहे. २०११ च्या बदलानंतर २०२१ मध्ये बंद होईपर्यंत सामोआ उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करत होता, तेव्हा फरक २५ तासांचा व्हायचा, दहाला निघालेलं विमान आदल्या दिवशी ९:४० ला पोचायचं. तारीख न बघता नुसत्या घड्याळाच्या वेळा वजा करून २४ मिळवणाऱ्याला तिथे २३ तास ४० मिनिटं मिळणार, दीडशे किलोमीटरला. परत तेच, नशिबाने जुळलेलं उत्तर.

बरोबर पद्धत एकच आहे आणि ती कंटाळवाणी आहे. दोन्ही वेळा आधी जागतिक वेळेत आणायच्या. मंगळवार १०:०० सामोआ, १३ तास वजा, म्हणजे सोमवार २१:०० जागतिक. त्यात ४० मिनिटं, सोमवार २१:४०. आता पांगो पांगोसाठी ११ तास वजा, सोमवार १०:४०. कुठेही दिवसाचं नाव मनात धरून उडी मारायची नाही.

आता आपल्या प्रवाशाकडे

जेट सोमवारी रात्री अकराला, पांगो पांगोच्या सोमवारी. तोच क्षण सामोआत मंगळवार रात्री अकरा. म्हणून त्याने आपियातून निघायचं ते मंगळवारी, सकाळच्या विमानाने. दुपारचं घेतलं तरी कागदावर जमतं, पण समोरून वारा, छोटं विमान, सामान मागे राहण्याची शक्यता आणि जेट आठवड्यात मोजक्याच वेळा, यात सकाळचं विमान रद्द झालं तर दुपारचं हाताशी उरतं, दुपारचं रद्द झालं तर काहीच उरत नाही. तिकिटावर मंगळवार निघा, सोमवार पोचा, सोमवार निघा असं दिसेल आणि ऑफिसातलं कोणीतरी हमखास म्हणेल की तारखा उलट्या टाइप झाल्यात, दुरुस्त करू का. करू देऊ नका.

चुका दोन बाजूंनी होतात. एक तो वरचा, सोमवार बघून सोमवारचंच तिकिट काढणारा, तो रविवारी पोचतो, आणि या बेटांवर रविवार म्हणजे चर्च आणि घरचं जेवण, बरंचसं बंद, त्याला हॉटेल आधी सांगून ठेवायला लागेल. दुसरा ज्याने ऐकलेलं असतं की तिथे एक दिवसाचा फरक आहे, पण कुठल्या बाजूला ते विसरला, किंवा मंगळवार जमत नाही म्हणून म्हणतो एक दिवस तर मिळतोच आहे, बुधवारी निघू. तो पोचतो मंगळवारी, जेट गेलेलं. सावधगिरी म्हणून एक दिवस आधी जाणारे असतात, त्यांनी मंगळवारपासून मागे मोजावं, सोमवारपासून नाही, नाहीतर ते शनिवारी जाऊन बसतात.

नुसतं काम करून त्याच दिवशी परत यायचं असेल तर मात्र हे सगळं आपोआप मिटतं. मंगळवारी दहाला निघा, सोमवारी १०:४० ला पोचा, सोमवारी दुपारी तीनला परत निघा, पाठीशी वारा, मंगळवारी साडेतीनला फालेओलो. सामोआच्या हिशोबाने साडेपाच तास बाहेर होता, तेवढेच खरे साडेपाच तास गेले, मधला सोमवार फक्त पासपोर्टच्या शिक्क्यात राहतो. पण अशा मीटिंगसाठी वार निवडताना एक बघावं लागतं, सामोआचा सोमवार म्हणजे तिकडचा रविवार आणि तिकडचा शुक्रवार म्हणजे इकडचा शनिवार, त्यामुळे दोन्हीकडे ऑफिस उघडं असलेले दिवस आठवड्यात चारच, सामोआचे मंगळ ते शुक्र.

मुक्कामाचा हिशोब वेगळा. हॉटेलला तिथली तारीख द्यायची, आपल्या ऑफिसच्या रजेला इथली. मंगळवारी निघालेला आणि एक रात्र राहून दुसऱ्या दिवशी दुपारी परतणारा माणूस हॉटेलच्या रजिस्टरमध्ये सोमवार ते मंगळवार असतो, आणि रजेच्या अर्जात मंगळवार आणि बुधवार. बिल आणि रजेचा अर्ज शेजारी ठेवले की हिशोब तपासणारा प्रश्न विचारणार हे नक्की, म्हणून दोन्हीकडे देशाचं नाव लिहून टाकावं.

होनोलुलूहून परत येतानाही हेच उलट्या बाजूने. जेट सोमवारी रात्री पांगो पांगोला उतरलं, प्रवाशाने मंगळवारी सकाळचं छोटं विमान घेतलं, तर फालेओलोला तो बुधवारी उतरतो. घरच्यांना त्याने होनोलुलूहून फोनवर सांगितलेलं असतं की सोमवारी रात्री पांगो पांगोला, दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्याकडे, आणि घरचे साहजिकच मंगळवारी गाडी घेऊन फालेओलोला, जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. त्याने वार न सांगता उपोलूची तारीख आणि फ्लाइट नंबर पाठवला असता तर ती फेरी वाचली असती.